तज्ज्ञांवर भरवसा किती ठेवावा आणि सरकारने जबाबदारी कुठपर्यंत घ्यावी?

नोंदवही (धागाकर्ता)

२३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह (पीएमसी) बँकेवर निर्बंध घातले आणि ठेवीदाराला सहा महिन्यांत मिळून फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा दिली. त्यानंतरच्या चर्चांत दोन विधाने पुन्हा पुन्हा ऐकू येत होती. ठेवीदारांनी जादा व्याजाला न भुलता बँकेची स्थिती तपासायला हवी होती, हे पहिले. सरकारने सर्वांचे सर्व पैसे ताबडतोब परत करावेत, हे दुसरे. मला दोन्ही विधाने अपुरी वाटतात, म्हणून हा धागा.

पहिल्या विधानाची परीक्षा घेऊ. समजा, एखाद्या चिकाटीच्या ठेवीदाराने त्या वर्षीचा बँकेचा वार्षिक अहवाल खरोखरच मिळवून वाचला असता. त्यात त्याला मार्च २०१९अखेर निव्वळ थकीत कर्जे २.१९ टक्के, वर्षाचा नफा सुमारे १०० कोटी रुपये आणि भांडवल पर्याप्तता, म्हणजे जोखमीच्या कर्जांच्या तुलनेत बँकेचे स्वतःचे भांडवल, १२ टक्क्यांहून अधिक असे आकडे दिसले असते. त्याखाली लेखापरीक्षकांची सही होती. प्रत्यक्षात सुमारे ८,८०० कोटींच्या कर्जांपैकी साडेसहा हजार कोटींहून अधिक रक्कम एकाच बांधकाम समूहाकडे अडकली होती आणि ती झाकण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट खाती दाखवण्यात आली होती. म्हणजे ज्याने काहीच वाचले नाही तो आणि ज्याने सर्व काही वाचले तो, दोघेही एकाच रांगेत उभे राहिले. अशा वेळी ‘तपासायला हवे होते’ या वाक्याचा नेमका अर्थ काय?

माझे म्हणणे एवढेच आहे. शेअर बाजाराचे भाकीत करणारा तज्ज्ञ आणि कायद्याने ज्याची सही आवश्यक केली आहे तो तज्ज्ञ, यांच्यात फरक केला पाहिजे. पहिल्याचे ऐकायचे की नाही हे माझ्यावर आहे. दुसऱ्याचे मत मात्र सरकारनेच व्यवस्थेत बसवलेले असते. ते मत खोटे ठरल्यावर सरकारला ‘ते केवळ एक मत होते’ असे म्हणून बाजूला होता येऊ नये. यावर साधार मतभेद वाचायला आवडतील.

तिरकस

धागाकर्त्यांनी केलेला फरक मला मान्य आहे, पण भाकीत करणाऱ्यांना त्यांनी फार स्वस्तात सोडले आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने पुढील आर्थिक वर्षासाठी ४.५ टक्के महागाईचा अंदाज दिला होता आणि प्रत्यक्षात त्या वर्षाची सरासरी ६.७ टक्के निघाली. त्याच महिन्याच्या अखेरीस युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाले हे खरे, परंतु गृहकर्ज घेणाऱ्याने फेब्रुवारीतील अंदाजावर विसंबून बदलत्या दराचे कर्ज घेतले असेल, तर वाढलेला हप्ता त्यालाच भरावा लागला.

वसुंधरा_क

तिरकस यांचे उदाहरण योग्य असले तरी त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे असे मला वाटते. रिझर्व्ह बँकेचा तो अंदाज चुकला, पण तो कोणाकडून पैसे घेऊन दिलेला नव्हता. तो कोणत्या गृहीतांवर उभा होता हे त्याच निवेदनात लिहिले होते, आणि तो चुकल्याचे सर्वांना महिन्या-महिन्याच्या आकड्यांतून दिसत गेले. अशी चूक मी माफ करू शकते. तज्ज्ञाच्या विश्वासार्हतेबद्दल मी आधी विचारते ते हे, की त्याचे शुल्क कोण भरतो आणि मत चुकल्यास त्याचे काय जाते.

या कसोटीवर पतमानांकन संस्था, म्हणजे कंपन्यांच्या कर्जफेडीच्या क्षमतेला दर्जा देणाऱ्या संस्था, पाहाव्यात. इन्फ्रास्ट्रक्चर लीझिंग अँड फायनान्शियल सर्व्हिसेस, म्हणजे आयएल अँड एफएस, या समूहावर ९० हजार कोटींहून अधिक कर्ज होते. ऑगस्ट २०१८ पर्यंत त्याच्या कर्जरोख्यांना ‘ट्रिपल ए’ हा सर्वोच्च दर्जा होता आणि सप्टेंबरमध्ये तो थेट ‘डी’ झाला, म्हणजे कर्ज बुडाल्यावर देतात तो. मधल्या पायऱ्या जवळजवळ कोणाला दिसल्याच नाहीत. ज्या कंपनीला दर्जा द्यायचा तीच कंपनी शुल्क भरते, ही रचना तेव्हा होती आणि आजही आहे. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये भांडवली बाजाराची नियामक असलेल्या सेबीने तीन मानांकन संस्थांना प्रत्येकी २५ लाख रुपये दंड केला. नंतर तो वाढवण्यात आला, पण पहिल्या आकड्यावरूनच या चुकीची किंमत काय समजली गेली होती ते लक्षात येते.

धागाकर्त्यांच्या मुद्द्याला येथे बळ मिळते. त्या रोख्यांत अनेक कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधींचे पैसे होते. हे निधी पाहणारे विश्वस्त काही जुगारी नव्हते. अशा निधींच्या गुंतवणुकीचा साचा सरकार ठरवून देते आणि त्या साच्यात कर्जरोख्यांना ठरावीक पतदर्जा असावा अशी अट असते. विश्वस्तांनी नियम पाळला म्हणूनच ते त्या रोख्यांपर्यंत पोहोचले. खासगी संस्थेच्या सशुल्क मताला सरकारी नियमाने असे जवळजवळ कायद्याचे वजन दिल्यावर, ते मत कोसळताना सरकार प्रेक्षकात कसे बसू शकते?

मुक्त_बाजार

वरील दोन्ही दीर्घ प्रतिसाद वाचले. निदान बरोबर आहे, उपचार मात्र उलटा सुचवला जातो आहे. नियमाने मानांकनाला अवाजवी वजन दिले असेल, तर ते वजन काढून घ्यावे. चुकीची भरपाई सरकारने करावी असे म्हटल्यावर मानांकन संस्था, विश्वस्त आणि गुंतवणूकदार या तिघांपैकी कोणीही डोळे उघडे ठेवणार नाही.

महाराष्ट्रातील मध्यमवर्गाला याचा धडा युनिट ट्रस्ट या गुंतवणूक संस्थेच्या ‘यूएस-६४’ योजनेने दिला होता, पण तो आपण सोयीस्करपणे विसरलो. १९६४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत निवृत्तांनी आयुष्याची पुंजी ठेवली, कारण ‘ते सरकारचेच आहे’ अशी सर्वांची समजूत होती. १९९८ मध्ये योजनेची गंगाजळी आटल्याचे उघड झाले, दीपक पारेख समिती नेमली गेली आणि सरकारने पुढच्या वर्षी सुमारे ३,३०० कोटींचे सार्वजनिक उपक्रमांचे शेअर आपल्याकडे घेऊन तिला तगवले. त्यातून व्यवस्थापन सावध झाले का? २ जुलै २००१ रोजी युनिटांची खरेदी-विक्रीच थांबवावी लागली आणि सरकारला पुन्हा धावावे लागले. एकदा वाचवले की दुसऱ्यांदा वाचवावे लागते, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

ठेव विम्याचेही तेच. कित्येक वर्षे सर्व बँका शंभर रुपयांच्या ठेवींमागे सारखाच हप्ता भरत आल्या. एप्रिल २०२० पासून तो १२ पैसे होता. नीट चालणारी बँक आणि संचालकांच्या नातेवाइकांना कर्जे वाटणारी बँक यांना एकच दर लावला, तर पहिलीला शिक्षा आणि दुसरीला बक्षीस मिळते. जोखमीनुसार हप्ता आकारण्याचा प्रस्ताव रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केला; ठेव विमा १९६२ मध्ये सुरू झाला होता हे लक्षात घेता, हा उशीर थक्क करणारा आहे.

नोंदवही

‘यूएस-६४’ची कहाणी मुक्त_बाजार यांनी मध्येच थांबवली आहे. २००३ मध्ये युनिट ट्रस्टचे दोन तुकडे झाले, युनिटधारकांना सरकारी हमीचे ६.७५ टक्के व्याजाचे करमुक्त रोखे देण्यात आले आणि जुन्या योजनांची मालमत्ता सरकारने नेमलेल्या प्रशासकाकडे गेली. त्या मालमत्तेत अ‍ॅक्सिस बँक, आयटीसी, लार्सन अँड टुब्रो यांचे शेअर होते. पुढील वर्षांत ते टप्प्याटप्प्याने विकून सरकारने मोठी रक्कम मिळवली. म्हणजे ज्याला करदात्यांच्या पैशांची उधळपट्टी म्हटले गेले, ती प्रत्यक्षात घाबरलेल्या लोकांकडून पडत्या काळात घेतलेली आणि धीराने सांभाळलेली गुंतवणूक ठरली. सामान्य युनिटधारकाला थांबणे शक्य नव्हते, सरकारला होते. संकटात सरकारची ही एक खरी उपयुक्तता आहे आणि तिला सरसकट ‘सवय बिघडवणे’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

त्या योजनेचा मूळ रोगही हमीचा नव्हता. योजनेचे निव्वळ मालमत्ता मूल्य, म्हणजे आतल्या गुंतवणुकीची प्रत्येक युनिटमागची खरी किंमत, जाहीरच केले जात नसे. खरेदी-विक्रीचे दर व्यवस्थापन ठरवीत असे, आणि इतर म्युच्युअल फंडांना लागू असलेले सेबीचे नियम ‘यूएस-६४’ला लागू नव्हते. आतले मूल्य दहा रुपयांच्या खाली गेले तरी बाहेर चौदा रुपयांच्या आसपासचा दर चालू राहू शकला, तो या अंधारामुळे. दर आठवड्याला खरा आकडा छापला गेला असता, तर लोक स्वतःहून सावध झाले असते.

पूर्वाश्रमीचा_लेखापाल

अनेक वर्षे सहकारी बँकांच्या समवर्ती लेखापरीक्षणाचे काम केल्यामुळे थोडे आतले लिहितो. माझा अनुभव कोणत्याही नावाजलेल्या बँकेबद्दल नाही आणि ज्या बँकांबद्दल आहे त्यांची नावे मी देणार नाही.

समवर्ती लेखापरीक्षकाची नेमणूक बँक करते, त्याचे बिल बँक मंजूर करते आणि पुढील वर्षी त्याला ठेवायचे की नाही हेही बँकच ठरवते. तो शाखेत बसून व्हाउचर तपासतो, तारणाची कागदपत्रे पाहतो, विमा उतरवला आहे का, मुदत संपली आहे का, अशा नोंदी करतो. मोठ्या कर्जदाराच्या फायलीवर शेरा मारला, की व्यवस्थापक चहा मागवतात आणि ‘हा मुद्दा आपण मुख्य कार्यालयाशी बोलून मिटवू’ असे म्हणतात. शेरा अहवालातून लगेच गळत नाही. प्रथम तो ‘गंभीर’ रकान्यातून ‘सुधारणायोग्य’ रकान्यात जातो आणि पुढच्या तिमाहीत ‘अनुपालन झाले’ या दोन शब्दांत संपतो. यात प्रत्येक वेळी लाच असतेच असे समजू नये. बहुतेक वेळा पुढील वर्षीच्या नेमणुकीची काळजी पुरेशी असते.

पीएमसी बँकेच्या बाबतीत मला सर्वांत अस्वस्थ करणारा तपशील वेगळाच आहे. ती २१ हजारांवर बनावट खाती बँकेच्या कोअर बँकिंग प्रणालीत, म्हणजे सर्व खाती ठेवणाऱ्या संगणकात, नव्हतीच. रिझर्व्ह बँकेला दिलेल्या कर्जखात्यांच्या यादीत ती दाखवलेली होती. बांधकाम समूहाची ४४ मोठी खाती यादीतून गायब झाली आणि त्यांच्या जागी किरकोळ रकमेची हजारो खाती आली. यादी आणि संगणक यांचा ताळा घालणे हे लेखापरीक्षणातील फार वरचे कौशल्य नाही, उमेदवारी करणाऱ्या मुलांना आम्ही पहिल्या वर्षी शिकवतो ते काम आहे. म्हणून येथे तज्ज्ञाचे ज्ञान कमी पडले, असे मी म्हणणार नाही. विचारायला हवा होता तो प्रश्न विचारण्यात कोणाचाच फायदा नव्हता, आणि यात बँकेचे लेखापरीक्षक आले तसे तपासणीला आलेले नियामकाचे अधिकारीही आले.

त्यानंतर काही चांगले बदल झाले आहेत हे मान्य केले पाहिजे. २०२०च्या बँकिंग नियमन दुरुस्तीने नागरी सहकारी बँकांवरील रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले. वैधानिक लेखापरीक्षक नेमण्यापूर्वी तिची संमती लागते आणि एप्रिल २०२१च्या निर्देशांनुसार एका लेखापरीक्षक संस्थेला सलग तीन वर्षे काम केल्यावर सहा वर्षे त्या बँकेपासून दूर राहावे लागते. शुल्क मात्र अजूनही बँकच भरते. ते सर्व बँकांकडून एका सामाईक निधीत जमा करून, नेमणूक आणि मानधन दोन्ही नियामकाकडे द्यावे, असे माझे जुने मत आहे. तसे केल्यास लेखापरीक्षक नेमके कोणासाठी काम करतो याबद्दल त्याच्या स्वतःच्या मनात तरी संदिग्धता राहणार नाही.

कोरडवाहू

आपण सर्व जण मुंबई-पुण्याच्या बँकांबद्दल बोलत आहात. आमच्या तालुक्यात ‘आर्थिक तज्ज्ञ’ या शब्दाने सनदी लेखापाल डोळ्यांसमोर येत नाही. तेथे तज्ज्ञ म्हणजे पतसंस्थेचा पिग्मी एजंट, जो रोज दुकानात येतो, लग्नाला येतो, मयतीलाही येतो. त्याच्या शब्दावर पैसे ठेवले जातात. निवृत्त शिक्षक आपली ग्रॅच्युइटी ज्या पतसंस्थेत ठेवतात तिचा ताळेबंद त्यांनी पाहिलेला नसतो, पण संचालक मंडळात कोण आहेत हे त्यांना पक्के ठाऊक असते, आणि ते त्यांना पुरेसे वाटते.

पतसंस्थेतील ठेवीला डीआयसीजीसीचे, म्हणजे बँक ठेवींचा विमा उतरवणाऱ्या महामंडळाचे, विमासंरक्षण नसते, ही एक गोष्ट जरी दारावर मोठ्या अक्षरांत लिहिणे सक्तीचे केले आणि ती सक्ती खरोखर पाळली गेली, तरी निम्मे काम होईल. नावात ‘बँक’सारखा भास, पासबुक बँकेसारखे, काउंटर बँकेसारखा, मग माणसाने फरक ओळखायचा कसा? बहुराज्य पतसंस्थांची गोष्ट आणखी अवघड, कारण त्यांची नोंदणी दिल्लीतील केंद्रीय निबंधकाकडे असते आणि तक्रार घेऊन जिल्ह्याच्या उपनिबंधकाकडे गेल्यास तो हात वर करतो.

ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राने १९९९ मध्ये स्वतंत्र कायदा केला, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात. त्यात संचालकांच्या मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना पैसे देण्याची तरतूद आहे. कायदा चांगला आहे. मात्र जप्तीची अधिसूचना, न्यायालयाची मान्यता, लिलाव, त्यावरील हरकती, पुन्हा लिलाव, या वाटेवर वर्षे जातात आणि ठेवीदार म्हातारे असतात. मुक्त_बाजार म्हणतात तसे लोकांनी डोळे उघडे ठेवावेत, हे मान्य. पण सरकारचे खाते ज्या संस्थेला परवाना देते, जिचे लेखापरीक्षण त्याच खात्याच्या नामिकेवरील माणूस करतो आणि जिच्या उद्घाटनाला त्याच खात्याचे मंत्री येतात, तिच्यावर अविश्वास ठेवण्याची अपेक्षा सामान्य माणसाकडून करणे हे जरा जास्तच होते.

संपादक मंडळ

नोटाबंदी आणि त्या अनुषंगाने पक्षीय राजकारण यांवरील दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. चर्चा मूळ विषयावर ठेवावी ही विनंती.

दूरदेशी

इंग्लंडमध्ये राहतो, त्यामुळे येथील एक अनुभव चर्चेत ठेवावासा वाटतो. सप्टेंबर २००७ मध्ये नॉर्दर्न रॉक बँकेबाहेर रांगा लागल्या, तेव्हा ठेव विमा अस्तित्वात होता. परंतु तो पहिल्या २,००० पौंडांपर्यंत पूर्ण आणि पुढील ३३,००० पौंडांवर ९० टक्के असा होता. ठेवीदाराला थोडी झळ बसेल अशी व्यवस्था ठेवली की तो बँकेवर लक्ष ठेवील, हा त्यामागील विचार, जो मुक्त_बाजार यांच्या विचाराशी अगदी जुळतो. प्रत्यक्षात ठेवीदाराने लक्ष ठेवले नाही. बातमी येताच तो सरळ रांगेत जाऊन उभा राहिला, आणि त्याच्या दृष्टीने ते पूर्णपणे शहाणपणाचे होते. काही दिवसांतच अर्थमंत्र्यांना सर्व ठेवींची हमी जाहीर करावी लागली, अंशतः भरपाईची ती पद्धत रद्द झाली आणि फेब्रुवारी २००८ मध्ये बँक सरकारच्या मालकीची झाली. लहान ठेवीदाराकडून बाजाराला शिस्त लावण्याची अपेक्षा येथे एकदा करून पाहिली गेली आहे.

सल्लागारांबाबतही येथे २०१२च्या अखेरीस मोठा बदल झाला. नव्या गुंतवणूक उत्पादनांवर सल्लागाराने विक्रेत्या कंपनीकडून कमिशन घेण्यास बंदी आली आणि शुल्क ग्राहकाने उघडपणे द्यावे असे ठरले. सल्ल्याचा दर्जा सुधारला, पण थोडी पुंजी असणाऱ्यांना शुल्क परवडेना आणि सल्लागारांनाही असे ग्राहक परवडेनात. त्यामुळे भारतात असा नियम पूर्णपणे आणावा असे म्हणणाऱ्यांनी या दुसऱ्या बाजूचाही विचार करावा.

वसुंधरा_क

भारतात तो प्रयोग अर्धाच झाला. ऑगस्ट २००९ मध्ये म्युच्युअल फंडांवरील प्रवेशभार, म्हणजे पैसे गुंतवतानाच कापले जाणारे शुल्क, बंद झाला, तेव्हा विक्रेते युलिप या गुंतवणूक जोडलेल्या विमा योजनांकडे वळले, कारण तेथे कमिशन भरघोस होते. एप्रिल २०१० मध्ये सेबीने १४ विमा कंपन्यांच्या युलिपवर हरकत घेतली, विमा नियामकाने उलट भूमिका घेतली, आणि जूनमध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून युलिप विमा नियामकाच्या कक्षेत ठेवले. दोन नियामकांच्या भांडणात कोणाची बाजू बरोबर होती हे बाजूला ठेवले, तरी एकाच प्रकारच्या सल्ल्याला दुकानानुसार वेगळा नियम लावण्याची पद्धत त्या दिवशी पक्की झाली.

बँकेच्या काउंटरवर मिळणारा सल्ला हा मला सर्वांत धोकादायक वाटतो, कारण तेथे विक्रेता आणि विश्वासाची जागा एकच असते. येस बँकेने आपल्या अतिरिक्त टिअर-१ रोख्यांत, म्हणजे बँक अडचणीत आल्यास ज्यांचे मुद्दलही बुडू शकते अशा रोख्यांत, तेराशेंहून अधिक व्यक्तींचे पैसे घेतले, त्यांपैकी जवळजवळ सर्व तिचे आधीचे ग्राहक होते. हे रोखे ‘सुपर एफडी’ म्हणून विकले गेले, असे सेबीच्या एप्रिल २०२१च्या आदेशात नमूद आहे आणि त्यासाठी बँकेला २५ कोटींचा दंड लावण्यात आला. मार्च २०२० मध्ये बँक वाचवताना ८,४१५ कोटींचे हे रोखे शून्य करण्यात आले. तो वाद अजून न्यायालयाच्या पायऱ्या चढतो आहे. ठेवीदार वाचले आणि ‘सुपर’ ठेवीदार बुडाले. ज्यांनी ते रोखे ग्राहकांच्या गळ्यात मारले, त्यांचे त्या वर्षीचे प्रोत्साहन भत्ते परत घेतले गेल्याचे माझ्या वाचनात नाही.

तिरकस

यूट्यूबवरील गुरूंचाही उल्लेख व्हायला हवा. सेबीच्या सप्टेंबर २०२४च्या अभ्यासानुसार तीन वर्षांत शेअर बाजारातील फ्युचर्स-ऑप्शन्स या जोखमीच्या सौद्यांमध्ये उतरलेल्या ९३ टक्के व्यक्तींना तोटा झाला आणि एकत्रित तोटा १.८ लाख कोटींहून अधिक होता. असे आकडे सरकारी संस्थेने मोजून छापले, दलालांच्या ॲपवर इशारा म्हणून लावायला भाग पाडले, तरी वर्ग भरतातच. येथे सरकार आणखी काय करणार?

मुक्त_बाजार

तिरकस यांनी माझेच काम केले. माहिती दिली, इशारा दिला, तरी लोक जातातच. अशांची भरपाई कोणीही मागत नाही, हेही लक्षात घ्यावे.

दूरदेशी यांच्या नॉर्दर्न रॉकच्या मुद्द्याला मात्र मी उत्तर टाळणार नाही. लहान ठेवीदाराला पूर्ण आणि जलद विमा असावा, हे मला मान्य आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये मर्यादा एका लाखावरून पाच लाख झाली, तेही योग्यच. एक लाखाची मर्यादा १९९३ पासून गोठलेली होती. माझा आक्षेप पाच लाखांच्या वरच्या मागणीला आहे. कोट्यवधींची ठेव ठेवणाऱ्याला चौकशी करण्याची ऐपत असते.

नोंदवही

‘जलद’ हा शब्द मुक्त_बाजार यांनी ओघात वापरला, पण खरा तिढा तोच आहे. पुण्याच्या रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि परवाना रद्द झाला तो २०२२ मध्ये. जुन्या कायद्यात विम्याचे पैसे बँक बुडाल्यावर, म्हणजे परवाना गेल्यावर किंवा विलीनीकरण झाल्यावर मिळत. निर्बंधांच्या काळात बँक धड जिवंतही नसे आणि मेलेलीही नसे, त्यामुळे विमा असूनही हाती काही येत नसे. २०२१च्या दुरुस्तीने निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत पाच लाखांपर्यंतची रक्कम देण्याचे बंधन घातले आणि त्यानंतरच रुपीच्या लहान ठेवीदारांना पैसे मिळू लागले. आठ वर्षे अडलेले काम एका दुरुस्तीने सुटले. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत १२२ कोटींची रोकड गायब असल्याचे उघड झाले, तेव्हा ठेवीदारांपुढे निदान एक तारीख होती. सरकारच्या भूमिकेबद्दल मला हेच अभिप्रेत आहे.

पाच लाखांवरच्या ठेवींबद्दल मात्र मी सहमत नाही. पीएमसीच्या विलीनीकरण योजनेत, जी जानेवारी २०२२ पासून युनिटी स्मॉल फायनान्स बँकेबरोबर अमलात आली, मोठ्या ठेवीदारांना पैसे दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळायचे आहेत. त्यांत सर्व कोट्यधीश नाहीत. निवृत्तीनंतर एकरकमी मिळालेले वीस-पंचवीस लाख एकाच बँकेत ठेवणारा माणूस श्रीमंत नसतो, आणि बँकेचे कर्जवाटप तपासण्याची ऐपत त्यालाही नसते, कारण पूर्वाश्रमीचा_लेखापाल यांनी सांगितल्याप्रमाणे ज्यांना ती होती त्यांनीही तपासले नाही.

सोसायटी_खजिनदार

चर्चा वाचत होतो, एक प्रत्यक्ष प्रश्न आहे. आमच्या गृहनिर्माण संस्थेत ८४ सदनिका आहेत. सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधी मिळून सुमारे ६० लाख रुपये एका नागरी सहकारी बँकेत आहेत. सभासदांचे म्हणणे असे, की ८४ कुटुंबांचे पैसे असल्याने विमा प्रत्येकाला वेगळा मिळेल. हे खरे आहे का?

पूर्वाश्रमीचा_लेखापाल

खरे नाही. ठेव संस्थेच्या नावावर आहे, त्यामुळे विम्याच्या दृष्टीने ठेवीदार एकच, आणि संरक्षण मुद्दल व व्याज मिळून पाच लाखांचे. एकाच बँकेच्या वेगवेगळ्या शाखांत ठेवी विभागल्या तरी त्या एकत्रच धरल्या जातात. वेगवेगळ्या बँकांत ठेवल्यास मात्र प्रत्येक बँकेत स्वतंत्र पाच लाख मिळतात. पीएमसीमध्ये मुंबई परिसरातील अनेक गृहनिर्माण संस्था याच समजुतीमुळे अडकल्या होत्या.

पैसे हलवण्यापूर्वी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचे कलम ७० वाचावे. संस्थेने निधी कुठे गुंतवावा हे त्यात ठरवून दिलेले आहे आणि जिल्हा मध्यवर्ती किंवा राज्य सहकारी बँकेच्या बाबतीत सलग तीन वर्षे ‘अ’ लेखापरीक्षण वर्ग असल्याची अट आहे. नोंदवही यांच्या मूळ मुद्द्याचे हे उत्तम उदाहरण ठरावे: कायदा आपल्याला लेखापरीक्षकाच्या श्रेणीकडे बोट दाखवतो, पण ती श्रेणी चुकल्यास संस्थेच्या ६० लाखांपैकी ५५ लाखांचे काय, यावर गप्प राहतो. आपण सहकार खात्याच्या उपनिबंधकांना हाच प्रश्न लेखी विचारावा, पोच घ्यावी, आणि उत्तर आल्यास येथे द्यावे. तोपर्यंत मुदत संपणाऱ्या ठेवींचे आपोआप नूतनीकरण होऊ देऊ नये. बहुतेक अर्जांत ती सूचना आधीच भरलेली असते, ती लेखी रद्द करावी लागते.

सोसायटी_खजिनदार

आभारी आहे. पहिली ठेव पुढील महिन्यात संपते आहे, समितीची सभा रविवारी बोलावतो. उपनिबंधकांना पाठवायच्या पत्राचा मसुदा आपण पाहून द्याल का?

पूर्वाश्रमीचा_लेखापाल

अवश्य. व्यक्तिगत निरोपातून पाठवावा. बँकेचे आणि संस्थेचे नाव येथे टाकू नये.